जरा गोद लई लो

धारहून देवासला निघताना देवापुढे दिवा लावला खरा, पण हात जोडले नाहीत. रुसवाच होता माझा. लग्नाला एक तप उलटलं तरी कूस उजवली नव्हती. नवससायास सगळे करून झाले होते. बारशाला बोलावणं यायचं, पण मी पाळण्याजवळ गेले की बायका हळूच बाळावर पदर ओढायच्या. मग मीच लांब उभी राहायला शिकले. मेलं, कशाला कुणाच्या जिवाला घोर!

देवासला एक आजी होत्या, आमच्यासारख्याच जुन्या दरबारी चाकरीतल्या मराठी घरातल्या. त्यांची लेक बाळंतपणात गेली, जावयानं दुसरं घर केलं आणि तान्ही नात आजींच्या पदरात राहिली. आता त्यांच्यानं होईना. आमचे हे शाळेत मास्तर. त्यांच्या कानावर ही हकिकत आली. लोक म्हणाले, घ्यायचा तर मुलगा घ्यावा, मुलगी कुणी घेतं का! हे म्हणाले, "आम्हाला घरात पोर हवंय, गादी चालवायची नाहीये."

पहिल्याच दिवशी फजिती झाली. आजींनी पोर माझ्यापुढे धरली आणि माझे हात पुढेच होईनात. नुसती खांबासारखी उभी. आजींचा चेहरा उतरला. माझ्यासमोरच यांना म्हणाल्या, "हिचे हातच पुढे येत नाहीत, ही काय पोर वाढवणार? थांबा थोडे दिवस. माझं मन काय म्हणतं ते कळवीन."

धर्मशाळेत जीव गुदमरे, म्हणून आम्ही त्या परक्या गावात भटकत असू. अजब गाव! एकाच रस्त्याची ही बाजू थोरल्या पातीची, म्हणजे थोरल्या भावाच्या राज्याची, ती बाजू धाकट्या पातीची. दोन्ही राज्यं विलीन झाली होती, पण लोकांच्या तोंडून गेली नव्हती. राजवाड्याची वाट विचारली तर उलट प्रश्न, "कौन-सा भिया, बड़ी पाती का के छोटी का?" हे मला चिडवत, "जपून गं, पलीकडे पाय टाकलास तर राज्य बदलेल." मी हसे, पण कुठल्या माडीवरून बाळाचं रडणं आलं की थबके. दुपारच्या उन्हात ते गाव धूसर होई आणि वाटे, आपण इथंच राहतो, पोर काखेला घेऊन भाजी आणायला निघालोय. मग आजींचं बोलणं आठवे आणि मी यांच्या मागे चालू लागे.

गावात कुठूनही टेकडी दिसते. वर दोघी बहिणी, थोरली माता नि धाकटी माता. एका सकाळी मी एकटीच चढले. थोरलीची ओटी भरली आणि धाकटीपुढे येऊन डोळे मिटले. म्हटलं, "आई, आता आडपडदा नको. ती पोर मला दे, नाहीतर ही आस तरी काढून घे."

तोच कानाशी आवाज आला, "बेन, इने जरा गोद लई लो."

अंगावर सर्रकन काटा आला. धर्मशाळेवाल्यापासून टांगेवाल्यापर्यंत जो तो आमच्याकडे बोट दाखवून म्हणे, हे गोद घ्यायला आलेत. गोद घेणं म्हणजे दत्तक, एवढंच माझ्या कानांना ठाऊक झालेलं. डोळे उघडले तर पुढ्यात एक माळवी बाई, एका हातात पूजेची थाळी, दुसऱ्या हातात गुटगुटीत बाळ. थाळी चढवायला तिला हात मोकळा हवा होता, म्हणून बाळाला जरा कडेवर घ्या म्हणत होती, एवढंच! मी सवयीनं मागे सरले. म्हटलं, "मेरे को बच्चा नहीं है, बाई."

"तो कई हुयो?" ती हसली. "हाथ तो है!"

आणि बाळ माझ्या हातांत देऊन गेलीसुद्धा. ते रडायला लागलं. तिनं तिथूनच सांगितलं, "कांधे लगई लो! पीठ थपको!" मी तसं केलं. लाळेनं माझा खांदा भिजला आणि बाळ शांत झालं. परत आल्यावर तिनं माझ्या कपाळाला देवीचं कुंकू लावलं, बाळ घेतलं आणि ती पायऱ्या उतरून गेली. नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

खाली आले तो आजींचं बोलावणं आलेलं. नकार सांगायलाच बोलावलं होतं, हे मागाहून कळलं. आम्ही दारात पोचलो तेव्हा पोर पाळण्यात टाहो फोडत होती. मी कुणालाच विचारलं नाही. तिला उचललं, खांद्याशी लावलं, पाठ थोपटली आणि तोंडातून आलं, "हाँ बई, हाँ." पोर हुंदके देत देत निवली.

आजी बघतच राहिल्या. "अगं, त्या दिवशी हे हात कुठं होते?"

"टेकडीवर राहिले होते, आजी. आज घेऊन आले."

आजी रडल्या, मीही रडले. मग त्यांनी माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, आणि वर ती पोर ठेवली.

ती बाई कोण होती, मी शोधलं नाही. देवी होती असंही म्हणत नाही. असेल एखादी जवळच्या सोनकच्छ गावाकडची. पण इतकी वर्षं मी देवाकडे मागत होते आणि हात मात्र पाठीमागे बांधून उभी होते. तो ज्याच्या हातून देईल, त्याच्या हातून घ्यावं, एवढं मी तिथं शिकले. आता लेकीला घेऊन दर नवरात्रात टेकडी चढते. थाळी नि तान्हं दोन्ही सांभाळताना कुणी बाई दिसली, की माझे हात आपसूक पुढे होतात. "आण गं इकडे," म्हणते, "तू निवांत दर्शन घे."