सोन्याचं देऊळ दोनदा

रंगूनमध्ये मी काय पाहिलं असं कोणी विचारलं तर मी सोन्याचं देऊळ म्हणते. खरं उत्तर आमच्या गावच्या, मोरव्यातल्या बायकांनाही सांगितलेलं नाही. वहीला सांगायला हरकत नाही.

माझे थोरले दीर तिकडे भाताच्या गिरणीत मुकादम होते. माझ्या नवऱ्यालाही तिथे काम मिळतं का पाहायला आम्ही दोघं बोटीने गेलो. पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दिरांनी आम्हाला शहर दाखवायला बाहेर काढलं. दोघे भाऊ पुढे, मी डोक्यावरून पदर घेऊन चार पावलं मागे. थोरल्या दिरांसमोर मी तोंड उघडत नसे आणि त्यांच्यादेखत नवऱ्याशीही बोलत नसे. आमच्याकडे तशीच रीत होती.

निघताना दिरांनी चहा पाजला. वाटेत शहाळं दिलं, मग ताडगोळ्यांचं सरबत. मोठ्यांनी दिलेलं टाकू नये म्हणून मी सगळं प्यायले. देवळाच्या पायऱ्या चढायला लागलो तेव्हा कळलं की चूक झाली. मला लघवीला लागली होती.

घरी असते तर मिठागराच्या बांधाआड गेले असते. इथे एवढं मोठं शहर, आणि बांध एकही नाही. दीर मात्र सकाळपासून दोनदा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते. तेवढा वेळ मी शालीन बाईसारखी दुसरीकडे बघत होते. सगळे म्हणतात ते देऊळ सोन्याने मढवलेलं आहे. मला त्या सकाळी त्याचा कळस पितळी तोटीसारखा दिसला. लोक डोळे मिटून हात जोडत होते, मीही जोडले. देवाला काय मागितलं ते लिहीत नाही.

नवऱ्याला करंगळी दाखवायची तर आधी त्याने मागे वळून बघायला हवं. उतरताना मी हळूच त्याचा कोट ओढला. तो न वळताच हसला आणि त्याने मला फुलं घेऊन दिली. पुढे तळ्याकाठी आणखी जोरात ओढला. एवढं पाणी बघून माझा जीव जायची वेळ आली होती. त्याला वाटलं ऊन लागतंय, म्हणून बाजारात शिरून तो एका बाईकडून कागदाची रंगीत छत्री घ्यायला लागला. घासाघीस चालू असताना दीर तिसऱ्यांदा भिंत शोधायला निघाले. नवराही त्यांच्याबरोबर गेला आणि जाताना मला सामान सांभाळायची खूण करून गेला.

छत्रीवाली चांगली जाडजूड होती. गालांना पिवळी उटी, तोंडात मुसळाएवढी विडी. मी पदर मागे सारला आणि शाळेत मास्तरांना दाखवत असे तशी करंगळी वर केली. चौथीपर्यंत शिकल्याचा एवढा उपयोग मला पुढे कधी झाला नाही. तिने आधी करंगळीकडे पाहिलं, मग एकावर एक ठेवलेल्या माझ्या पायांकडे. विडी बाजूला ठेवून तिने माझा हात धरला आणि दुकानामागे, चुलीवरून, झोपलेल्या कुत्र्यावरून ओढत वेळूच्या तट्ट्यामागे नेऊन सोडलं.

बाहेर आले तर दोघे भाऊ बाजारभर मला शोधून घामाघूम झाले होते. छत्रीवाली विडी ओढत गंमत बघत होती.

दीर नवऱ्याला म्हणाले, "इचार तिला, कुठं गेलती."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. अंग इतकं हलकं झालं होतं की लाज कुठे राहिली ते मला समजलंच नाही. मी सरळ दिरांकडे बघून म्हणाले, "देऊल पुन्ना बघाचा हाय. सकाली नीट दिसला न्हाय."

मी दुकानात टाकून गेलेली फुलं नवऱ्याने उचलून घेतली होती, ती त्याच्या हातून पडली. दीर वळून देवळाच्या वाटेला लागले. तिथे पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. फरशी अजून कोमट होती. कळस खरंच सोन्याचा होता, आणि वाऱ्याने त्याच्या टोकाच्या बारीक घंट्या वाजत होत्या. सकाळी मला एकही घंटा ऐकू आली नव्हती. मी पोटभर बघितलं. वाटेत दिरांनी पुन्हा शहाळं पुढे केलं, ते मी नको म्हणून सांगितलं.

नवऱ्याला काम मिळालं नाही, आम्ही परत आलो. जपानची लढाई रंगूनला पोचली तेव्हा दीरही मोरव्याला आले. घरी कोणी आलं की ते सांगतात, आमची भावजय फार देवभोळी, एका दिवसात दोनदा दर्शन घेतलं. तेव्हा मी पदर तोंडावर ओढून घेते. लोकांना वाटतं, लाजते.