आधी कडेवर, मग काट्यावर

माझी बायको आमच्या गावच्या अंगणवाडीत सेविका होती. आता ती न्हाई. गाव इस्लामपूरच्या पलीकडं, उसाच्या पट्ट्यात. मी चारच बुकं शिकलेला. तिच्या कामातलं मला एवढंच कळायचं, की मूल वजनाला आलं की ती आधी त्याला कडेवर घ्यायची. काटा नंतर. पोर अंगाला धरून बसतं का सैल पडतं, त्यावरनं ती ओळखायची.

ही रीत तिला पहिल्या पर्यवेक्षिका बाईंनी लावली. तालुक्याहून तपासणीला यायच्या, पोरांच्यात खाली बसायच्या आणि विचारायच्या, "ताई, तुम्हाला काय वाटतं?" तेवढ्यावर आमची कारभारीण दिवसभर ताठ चालायची. मला म्हणायची, तुमी कडेवर मावत न्हाई म्हणून सोडलंय.

त्या बाई निवृत्त झाल्या, नव्या मॅडम आल्या. त्यांच्यावर बी वरनं दट्ट्या असणारच. एकदा ऊसतोडीवाल्याचं पोर हिला कडेवर सैल लागलं. काटा ठीक दाखवत होता. ही म्हणाली, मला वाटतं दवाखान्यात दाखवावं. मॅडम सगळ्या आयांच्या देखत म्हणाल्या, "वाटण्यावर काम चालत नाही. तुम्ही डॉक्टर आहात का?"

आया हसल्या. हंगाम संपला, टोळी गेली. पोराचं पुढं काय झालं कुणालाच ठाऊक न्हाई. ही मात्र जेवता जेवता मधीच थांबायची आणि विचारायची, त्याचं काय झालं असंल.

त्यानंतर तिनं पोरं कडेवर घेणं सोडलं. थेट काट्यावर. कुणी काही विचारलं की, मॅडमना विचारून सांगते. हे घरात बी शिरलं. आमटी स्वतः चाखायची आणि मला म्हणायची, मीठ हाय का बघा. जिनं जन्मभर माझ्या जिभेला नावं ठेवली, तिनं.

पोटात हाताला गोळा लागत होता तिला. मला लय उशिरा कळलं. आधी का बोलली न्हाईस म्हटलं, तर म्हणाली, "आवं, मला नुसतं वाटत हुतं. वाटण्याचं काय घेऊन बसायचं."

सांगलीच्या डॉक्टरनं चांगल्या तोंडानं विचारलं, मावशी, नेमकं कुठं दुखतंय?

पोट तिचं, दुखणं तिचं. आणि ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.