सतरा मिनिटं पुढे

“टोकन पेस्ट करायला हिला दहा मिनिटं लागतात का?”

हे समीर सर मला म्हणाले नव्हते. पुण्याच्या ऑफिसात शेजारी बसलेल्या निखिलला म्हणाले होते. फक्त माइक बंद करायचा राहून गेला होता. निखिल म्हणाला, “तिकडे नेटच तसं असेल, सर.” दोघं हसले.

मी कुरुंद्याला, हळदीच्या लिलाव केंद्राच्या छोट्या ऑफिसात, हेडफोन लावून बसले होते. माझा माइक नेहमीप्रमाणे बंद होता. मी चॅटमध्ये लिहिलं, ‘पुन्हा ट्राय करते.’

मी कॉलवर बोलत नाही. विचारलं तर चॅटमध्ये उत्तर देते. टाइप करताना वाक्य पुसता येतं, हे मला बरं वाटतं.

माझं काम म्हणजे प्रोग्रामर लोकांनी लिहिलेला कोड जिथे चालायचा तिथपर्यंत नीट पोचवणं. कंपनीने सहा महिन्यांसाठी कुरुंद्याजवळच्या वसमतहून, घरून, काम करायला परवानगी दिली होती. ते सहा महिने त्याच आठवड्यात संपत होते. आणि हे मला एकटीला दिलेलं पहिलंच काम होतं. सर शुक्रवारी म्हणाले होते, “उद्या संध्याकाळपर्यंत क्लस्टर कनेक्ट झालं तर तिथूनच कंटिन्यू कर. नाही तर सोमवारपासून पुण्यात बस.”

पुणं वाईट नाही. पण तिथे दोन वर्षांत शेजारच्या टेबलावरच्या मुलीशी माझी चार वाक्यंही झाली नव्हती. घरी मी निदान आईशी भांडते.

आता काम काय होतं ते सांगते. कुरुंद्याच्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली आहे. तिच्या शेडमध्ये हळदीचा लिलाव होतो. बोली, वजन, पावती हे सगळं आमच्या सॉफ्टवेअरवर चालतं. सॉफ्टवेअरचा प्रत्येक भाग एका कंटेनरमध्ये असतो. कंटेनर म्हणजे डबा. गावाला निघताना भाकरी, ठेचा, कांदा सगळं एकाच डब्यात भरून घ्यावं, तसा प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं त्यात भरलेलं असतं. हे डबे सांभाळणाऱ्या तीन मशीन ऑफिसच्या कोपऱ्यात एका लोखंडी रॅकवर होत्या. एक बंद पडली तर दुसरी तिचे डबे उचलते. या तिघींना मिळून क्लस्टर म्हणतात. नेट गेलं तरी लिलाव थांबू नये, म्हणून त्या गावातच ठेवलेल्या.

आजवर काही बदलायचं असलं की कोणीतरी गाडीने कुरुंद्याला यायचं. आता हे क्लस्टर आमच्या डेव्हलपमेंट प्लॅटफॉर्मला, म्हणजे जिथे कोड लिहून, तपासून ठेवतात त्या जागेला, जोडायचं होतं. बाहेरून कोणाला आत घ्यायचं नाही, म्हणून क्लस्टरमध्ये एजंट नावाचा लहानसा प्रोग्राम बसवतात. तो आतून बाहेर फोन लावतो. पहिल्या वेळी ओळख पटवायला प्लॅटफॉर्म एक टोकन देतो. गेटपासच म्हणा. हा पास दहा मिनिटंच चालतो.

आणि माझा पास चालतच नव्हता. चार वेळा नवीन टोकन काढलं, चारही वेळा एकच उत्तर: टोकन एक्स्पायर्ड. मुदत संपली.

म्हणून पुण्यात ठरलं, की माझं नेट इतकं स्लो आहे की पास दारापर्यंत पोचेस्तोवर शिळा होतो. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायला लागलं. दुसऱ्याने आपल्याबद्दल ठामपणे काही म्हटलं की मला आधी ते पटतं.

पाचव्या वेळी मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. टोकन कॉपी केलं, पेस्ट केलं, एंटर दाबलं. चार सेकंद. टोकन एक्स्पायर्ड.

मग मी लॉग उघडला. लॉग म्हणजे मशीनची रोजनिशी. काय केलं, किती वाजता केलं. मी तो ओळ न् ओळ वाचते. निखिल याला टाइमपास म्हणतो. शेवटच्या ओळीपुढे वेळ होती ११:४२. माझ्या लॅपटॉपवर ११:२५ झाले होते.

वेळेचा फरक आमच्या कामात नवीन नाही, देशादेशांच्या वेळा वेगळ्या असतात. पण तो फरक तासाचा असतो, फार तर अर्ध्या-पाऊण तासाचा. सतरा मिनिटं पुढे असलेला देश मला माहीत नव्हता.

मी मान वर केली. समोरच्या भिंतीवर, हळदीच्या धुळीने काच पिवळी झालेलं गोल घड्याळ होतं. त्यात अकरा बेचाळीस झाले होते.

केंद्राचं सगळं दत्तराव काका बघतात. ते दारात उभं राहून हळदीचे कट्टे, म्हणजे पोती, मोजत होते. मी उठून त्यांच्याजवळ गेले.

“काका, ते घड्याळ पुढे आहे का?”

“व्हय. सतरा मिनिटं.” त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. “मुद्दाम लावेल हाय.”

“काहून?” मी त्यांच्याच बोलीत विचारलं, तेव्हा ते वळले.

“व्यापारी लोकायला धाचा टाइम दिला की सव्वाधाला येतेत, मॅडम. तवर शेतकरी बिचारे कट्ट्यावर बसून राहतेत. घड्याळ पुढं केलं, बोली त्याच्यावर सुरू केली, की बराबर धाच्या ठोक्याला समदे हजर.”

“पण सतराच का?”

“पंधरा करून पाहिलं ना! ते लगेच पंधरा वजा करून यायला लागले. सतरा वजा करायचा समद्याला कटाळा हाय.”

मला हसू आलं, पण विचारायचं ते राहिलं होतं. “आणि या मशीनची वेळ?”

“ती मीच लावली.” त्यांच्या आवाजात अभिमान होता. “पावतीवर एक टाइम, भिंतीवर एक टाइम. लिलावात भांडणं व्हायची. म्हणून ते आपोआप टाइम घ्यायचं बंद केलं अन् भिंतीबराबर लावलं. तिन्हीला एकच. रोज सकाळी पाहून घेतो, एक मिनिट हिकडं-तिकडं न्हाई. काहून? तकलीफ झाली का काही?”

सगळं उलगडलं. तिन्ही मशीनचं आपसात पटत होतं, म्हणून आत कुठेच अडचण नव्हती. पण पुढे धावणाऱ्या घड्याळासमोर दहा मिनिटांचा पास धरला, की तो जन्मतःच सात मिनिटं शिळा. शंभर टोकन काढली असती तरी हेच झालं असतं.

मी काकांना हे सांगितलं. मशीनची वेळ बरोबर करू का, असं विचारलं. ते नको म्हणाले.

“मशीनचा टाइम बदलला तर पावती अन् भिंत पुन्हा वेगळी होणार. सोमवारी लिलाव हाय. भांडण कोण मिटवीन? तुमी तर जाताल निघून.”

“मग भिंतीवरचं घड्याळ बरोबर करू?”

“अन् शेतकऱ्यायला बसवू उन्हात?”

दोन्ही बरोबर होतं. काका रॅकजवळच्या खुर्चीवर बसले. मी चॅट उघडला, सरांना लिहायला घेतलं आणि पुसलं. त्यांना काय लिहिणार होते मी, की व्यापारी उशिरा येतात?

“काका, पावतीवर वेळ कशाला बघतात लोक?”

“कोणाचा माल आधी लागला, कोणाचा मागून, त्याच्यावरून तर भांडण.”

“मग पावतीवर वेळेऐवजी नुसता नंबर छापला तर? एक, दोन, तीन...”

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “नंबराला कोण काय बोलन? चालंन. पण ते आजच झालं पाहिजे, लेकरा.”

‘मॅडम’वरून काका ‘लेकरा’वर आले, तेव्हा काम होणार असं मला वाटलं.

मशीन नेटवरून आपोआप वेळ घेतील असं सेटिंग पुन्हा चालू केलं. तिघी सतरा मिनिटं मागे आल्या. सहावं टोकन काढलं, पेस्ट केलं. स्क्रीनवर हिरवा ठिपका आला. कनेक्टेड.

मग पावतीच्या प्रोग्राममध्ये वेळेच्या जागी नंबर घातला, चाचण्या चालवल्या आणि बदल प्लॅटफॉर्मवर टाकला. यापूर्वी यासाठी पुण्याहून कोणीतरी गाडी काढली असती. आता बदल नव्या जोडणीवरून गेला आणि तीन मिनिटांनी कोपऱ्यातल्या प्रिंटरने चाचणीची पावती बाहेर टाकली. काकांनी ती उजेडात धरली. “एक नंबर,” ते म्हणाले. खरंच तिच्यावर एक नंबर होता.

घड्याळ भिंतीवर अजूनही सतरा मिनिटं पुढेच आहे. मी आता कुठलंही क्लस्टर हातात घेतलं की आधी त्याला वेळ विचारते. आणि जमलं तर तिथल्या भिंतीकडेही एकदा बघून घेते.

त्या दिवशी तीन वाजता पुन्हा कॉल झाला. सर खुशीत होते. “ग्रेट, प्रज्ञा. जोडणी दिसते आहे, पावतीचा बदलही डिप्लॉय झाला. तू तिथूनच कंटिन्यू कर. शेवटी नेट सुधारलं वाटतं?”

सवयीने मी चॅटमध्ये ‘येस सर, थँक यू’ असं टाइप केलं. एंटरवर बोट ठेवलं. समोर काका खुर्चीत बसून पावतीची घडी घालत होते.

मी ते पुसलं आणि माइक चालू केला.

“नेट पहिल्यापासून बरोबर होतं, सर. आणि टोकन पेस्ट करायला मला चार सेकंद लागतात.”