पायरीवर ठेवलेली टोपली

धामणगाव बढ्याच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत जनकाबाईएवढी नेमाची बाई दुसरी नाही. दळायला ज्वारी काढली की आधी एक मूठ देवाच्या गाडग्यात. नवरा वारला त्या आठवड्यातही गाडगं रिकामं नव्हतं. दर रविवारी ते धान्य टोपलीत घालून ती प्रार्थनेला आणते.

गेल्या माघात तिचा चांदीचा तोडा गेला. भर विहिरीवर तिनं जावेचं, गीताबाईचं नाव घेतलं. दिराचं घर हिंदूच राहिलेलं, अगदी शेजारचं. तेव्हापासून तिला लग्नाच्या स्वयंपाकाला कुणी बोलावेना. माझ्या नणंदेच्या लग्नात मीही बोलावलं नाही.

काल, डिसेंबर १९६३चा पहिला रविवार, पिकाच्या उपकारस्तुतीचा. प्रार्थनाघरात गाणं सुरू झालेलं, आणि जनकाबाई पायरीवरच थांबली.

"आत चाल ना," मी म्हटलं.

"तोडा सापडला, ताई. नवी ज्वारी भराची म्हून सकाळी कणगी रिकामी केली, तं तळाशी निघाला. सोंगणीले जाताना मीच लपोला होता."

"मग प्रार्थना झाल्यावर जा गीताबाईकडे."

"येशूनं काय सांगतलं? अर्पण तिथंच ठेव, पयले जाऊन समेट कर. दयेचं गाणं आता कोन्या तोंडानं म्हनू?"

टोपली पायरीवर ठेवून ती निघाली. मीही मागोमाग गेले. "निदान तिच्या घरी जाऊन सांग," मी म्हटलं.

"नाव विहिरीवर घेतलं ना म्या?"

विहिरीवर सात-आठ बाया होत्या. जनकाबाईनं तोडा काठावर ठेवला.

"आयका वं बायांनो. हा माह्याच कणगीत निघाला. गीतानं नेला नव्हता. खोटी मी."

"अन् म्हने देवाची बाई!" पुष्पाबाई हसली.

गीताबाई दोर ओढतच राहिली. घागर भरल्यावर म्हणाली, "दहा महिने लागले तुले कणगीचा तळ पाहाले? माही पोरगी रोज इचारे, आई, आपल्याले कोनी काऊन बोलवत नाही?"

"मले माफ कर, गीता."

"पाहू." घागर डोक्यावर घेऊन ती गेली.

आम्ही परतलो तेव्हा प्रार्थना उरकली होती. टोपली पायरीवर तशीच. जनकाबाईनं ती आत नेऊन ठेवली.

"तिनं काही माफ केलं नाही," मी म्हटलं.

"ते तिच्या हातचं. माह्या हातचं होतं ते म्या केलं."

आज सकाळी हे लिहून ठेवायला वही उघडली, पण लिहवेना. जनकाबाईबद्दल लिहायचं आणि स्वतःचं गाळायचं, हे बरं दिसेना. वही मिटून गीताबाईकडे गेले. म्हटलं, नाताळच्या करंज्या करू लागायला ये.

"आता आठोन आली?"

"लग्नात बोलावलं नाही, चुकलं माझं."

तिनं सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग म्हणाली, "सारण कोन करते?"

"मीच."

"मंग राहू दे. सारण मी करतो. तुह्या नणंदेच्या लग्नातल्या लाडवाचं खोबरं खवट होतं म्हनतात."

दुपारी दुकानातून नवं खोबरं आणलं. दोन वाट्या.