आदरणीय साहेबांना आलेली मेल

खोटी मेल खरी समजून मी तिला पासवर्ड दिला आणि खरी मेल खोटी म्हणून हेडऑफिसला कळवली. दोन्ही एकाच आठवड्यात. सोमवारी पहिलं, गुरुवारी दुसरं. मधले दोन दिवस मी या विषयातला जाणकार होतो.

नारायणगावाबाहेरच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये मी सुपरवायझर आहे. काम म्हटलं तर साधं. बागेतून द्राक्षांचा नमुना तपासायला जातो. औषधाचा अंश जास्त नाही, असा रिपोर्ट पुण्याच्या हेडऑफिसातून मेलवर येतो. मी त्याला 'होय' कळवायचं, की दुसऱ्या दिवशी सकाळी तोडणीची टोळी त्या बागेत हजर. 'होय' वेळेत गेलं नाही, तर टोळी दुसरीकडे जाते आणि नंबर पुन्हा लागायला आठ-दहा दिवस मोडतात. तोवर तयार माल वेलीवरच. मणी मऊ पडतात, आणि परदेशी निघालेली द्राक्षं आळेफाट्याच्या हातगाडीपर्यंतच पोचतात.

त्या आठवड्यात मी ज्या रिपोर्टकडे डोळे लावून बसलो होतो, तो माझ्या सासूबाईंच्या बागेचा होता. राजुरीला त्यांची दीड एकर काळी द्राक्षं. माल पहिल्यांदाच बाहेरच्या देशात जायचा होता. बाग त्या स्वतः बघतात. घड विरळताना एकेक मणी त्यांच्या हाताखालून गेलेला. रोज सकाळी फोन यायचा.

"जावईबापू, आली का वो मेल?"

"आली की पहिलं तुम्हालाच सांगतो."

"तुमी हायसा म्हून मला घोर न्हाई."

सासूबाई मला फार मानानं बोलतात. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण 'अहो'चं 'अरे' कधी झालं नाही. मी ओट्यावर पाय ठेवला की डोईवरचा पदर सारखा होतो आणि घरातली एकुलती एक गादीची खुर्ची बाहेर येते. बायको मला विचारते, "एवढा मान मिळण्यासारखं तुम्ही केलंय तरी काय? मला पण कळू दे की."

तर सोमवार. जेवणाच्या सुट्टीत मेल आली. वर माझं नाव. नुसतं नाव नाही, आधी 'श्री.', मधे वडिलांचं नाव, मग आडनाव आणि शेवटी 'साहेब'. खाली 'सविनय नमस्कार, आपल्या प्रदीर्घ आणि निष्ठावान सेवेची दखल घेऊन' वगैरे.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. लग्नपत्रिका आली की आम्ही मुहूर्त नंतर बघतो. आधी आपलं नाव कुठं आणि कसं छापलंय ते बघतो. 'श्री.' गळलं असेल तर माणूस लग्नाला जातो, पण जेवत नाही. फारच आग्रह झाला तर जेवतो, पण पंगतीत बोलत नाही. आमच्या भावकीत पत्रिका तपासायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. मान कुठं कमी पडला ते मी दुरून ओळखतो. त्याच नजरेनं मी ही मेल वाचली. कुठंही मान कमी पडला नव्हता. एवढं रीतीनं लिहिणारा माणूस लबाड कसा असेल? निष्ठावान सेवेबद्दलची भेटवस्तू घरपोच मिळण्यासाठी फक्त पासवर्ड भरायचा होता. मी भरला.

लगेच पडदा लाल झाला. 'ही कंपनीने घेतलेली चाचणी होती. आपण नापास झाला आहात.' या वाक्यात 'साहेब' नव्हतं.

चहाच्या वेळेपर्यंत बातमी पॅकहाऊसभर. वजनकाट्यावरचा माणूस माझा जुना दोस्त. तो म्हणाला, "राव, पासवर्ड गेला म्हणून काय तोंड पाडून बसला? तो आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक आहे."

"कसा?"

"तू टाइप करताना मोठ्यानं म्हणतोस. तुझ्या मोटरसायकलचा नंबर आहे ना?"

मंगळवारी मला एक तासाचं शिक्षण दिलं गेलं. कॉम्प्युटरवर एक बाई हिंदीत समजावत होती. घाई करणारी मेल संशयास्पद. अनोळखी नावाची मेल संशयास्पद. निळ्या अक्षरावर बोट दाबा म्हणणारी तर फारच संशयास्पद. मेलसोबत आलेली जोडफाईल उघडू नये, आणि शंका आली तर आपल्याकडच्या जुन्या, खात्रीच्या नंबरावर फोन करून विचारावं. शेवटचा मुद्दा आला तेव्हा मी चहा आणायला गेलो होतो.

चहा पिऊन परत आलो तो दुसराच माणूस. मी हे नियम मोठ्या अक्षरात लिहून पॅकहाऊसच्या भिंतीवर चिकटवले. पॅकिंगच्या बायकांना एकत्र बसवून समजावलं. त्यांच्यातल्या एकीकडेही मेल नव्हती. मावशा ऐकून घेत होत्या, कारण तेवढा वेळ हाताला विसावा होता. बुधवारी बोरी बुद्रुकच्या एका बागाईतदारानं लेकीच्या साखरपुड्याचं आवतन मोबाईलवर पाठवलं, तर मी त्याला फोन करून 'हे तूच पाठवलंस ना?' असं विचारलं. तो म्हणाला, "न्हाई भाऊ, लेक माझी, पन साखरपुडा चोर करनार हाय."

गुरुवारी दुपारी बाराला मेल आली. वर फक्त 'हाय', पुढं माझं नाव. 'श्री.' नाही, वडील नाहीत, साहेब तर नाहीतच. जसं शाळेतल्या पोराला हजेरीत हाक मारावी तसं. खाली रिपोर्ट पाठवणाऱ्या नेहमीच्या माणसाचं नाव नाही, कुणा अनोळखी बाईचं. मग 'अर्जंट, आज चारच्या आत खालच्या लिंकवर होय कळवा, नाहीतर नंबर जाईल.' सोबत एक जोडफाईल.

मी खुर्चीत मागं रेललो. घाई, अनोळखी नाव, निळी अक्षरं, जोडफाईल. आणि वर मान शून्य. सगळी लक्षणं एका मेलमध्ये, जणू ती कॉम्प्युटरवरची बाई शिकवायला नमुना म्हणून घेऊन आली होती. फाईल मी उघडलीच नाही. मेल 'खोटी' म्हणून हेडऑफिसच्या कॉम्प्युटर विभागाला कळवून टाकली आणि दोस्ताला सांगून आलो, "आणखी एक पकडली."

तीन वाजता फोन. पोरीचा आवाज. "सर, मी हेडऑफिसमधून बोलतेय, नवीन जॉइन झालेय. मेलला उत्तर नाही आलं तुमचं."

मी हसलो. फोनही करतात म्हणजे तयारीची टोळी आहे. म्हटलं, हिला आपल्या पद्धतीनं तपासू.

"गाव कोणतं तुमचं?"

"घोडेगाव, सर. पण ते—"

"घोडेगावात कुणाच्यात?"

तिनं आडनाव सांगितलं. मी म्हटलं, "आत्या कुठं दिलीय?"

"सर, माझी आत्या?"

"आत्या. वडिलांची बहीण."

"बोरीला दिलीय. सर, चारच्या आत—"

आंबेगाव तालुक्यातली मुलगी आणि आमच्या जुन्नर तालुक्यात आत्या. इतकं जुळलेलं बघून माझी खात्रीच पटली. खरं इतकं कधी जुळतं का? मी तिला म्हटलं, "ताई, चांगल्या घरच्या दिसता. हे धंदे सोडा." आणि नंबर ब्लॉक केला.

त्यानंतर सासूबाईंना फोन लावून सांगितलं, "अजून नाही आली मेल. पण एक खोटी आली होती, ती मी परतवली."

"तुमी हायसा म्हून," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी नऊला कॉम्प्युटर विभागाचं उत्तर आलं. 'आपण कळवलेली मेल खरी आहे.' फाईल उघडली. प्लॉट राजुरीचा. नाव सासूबाईंचं. रिपोर्ट उत्तम. मुदत काल चारची.

मी मोटरसायकलला किक मारली. आळेफाटा ओलांडेपर्यंत मी माफीची चार वाक्यं तयार केली आणि राजुरीच्या शिवारात शिरेपर्यंत चारही विसरलो. मणी मऊ पडल्याचं मला आत्ताच दिसू लागलं होतं.

बागेच्या बांधाला टेम्पो उभा होता. आत कात्र्यांची टकटक. टोळीच्या बायका घड उतरवून क्रेटमध्ये निजवत होत्या, आणि सासूबाई डोक्याला टॉवेल बांधून मधोमध उभ्या. मला बघून त्यांनी टॉवेल सोडला नाही, की पदर सारखा केला नाही.

"टोळी आली कशी?" मी विचारलं.

"त्या घोडेगावच्या पोरीनं मला फोन केला. म्हनली, तुमचा सुपरवायझर फोन घेईना."

"आणि तुम्ही लगेच विश्वास ठेवला?"

"मी कशाला ठिवू? म्हनलं, बाय, तू ठिव फोन. नमुना न्यायला आल्याल्या पोरानं कागद दिल्ता, त्यो देवाच्या फोटोच्या मागं खोवून ठिवल्याला. त्याच्यावर हापिसचा नंबर. शेजारच्या पोरीला वाचाय लावला आन् मीच फोन केला. म्हनलं, तुमच्यात अशी कोन पोरगी हाय का? हाय म्हनले. जोडून द्या म्हनलं. मंग तिला इचारलं, माझ्या बागंतनं नमुना नेला तवा किती पिशव्या भरल्या? तिनं बरोबर सांगितलं. मंग मीच 'व्हय' म्हनलं आन् तिनं तितनं नोंद केली."

चहाला गेलो नसतो, तर हाच मुद्दा मलाही कळला असता.

"ती पोरगी इचारत व्हती," सासूबाई पुढं म्हणाल्या, "तुमचा सुपरवायझर सोयरिकी जुळवतो का म्हून. आत्या कुटं दिली इचारत व्हता म्हनं."

कात्र्या थांबल्या. टोळीच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी खाली बघत सगळं सांगितलं. पहिल्या मेलमध्ये 'श्री.' होतं, वडिलांचं नाव होतं, 'साहेब' होतं, अगदी पत्रिकेसारखं. दुसरीत नुसतं 'हाय'. म्हणून मला वाटलं, मानानं बोलणारा तो खरा.

सासूबाईंनी हातातला घड क्रेटमध्ये ठेवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, एकोनीस वरसं मी तुमाला अहो-जाहो करती. ते बी खरं धरून बसला व्हता का काय?"