दोन बोटं कापड

तिला सगळे कात्रीबाई म्हणत. चर्चमागच्या हॉलमध्ये अकरा शिलाई मशीनं होती आणि कापायचं टेबल एकच. त्या टेबलावर चौदा वर्षं तिचंच राज्य. गावात त्यांच्या पंथाची जेमतेम साठ घरं. बाहेर कुणी पटकन कामाला घेत नसे, म्हणून आधीच्या पाळकांनी हा हॉल सुरू केला. शाळेचे गणवेश, हॉस्पिटलच्या चादरी असं काम येई, आणि त्यावर अकरा घरांच्या चुली पेटत.

मग तिची धाकटी जाऊ कामाला आली. दोन वर्षांत शिवण शिकली. बोलण्यात तर ती आधीपासूनच वाकबगार. हॉस्पिटलात जाऊन दोनशे गाऊनचं काम घेऊन आली, आणि पाळकांनी रविवारी उपासनेनंतर सगळ्यांसमोर हॉलची जबाबदारी तिच्यावर सोपवली. कात्रीबाईनंही टाळ्या वाजवल्या, पण मनातून ती जळत होती. घरी नवऱ्याला म्हणाली, बरं झालं, मान घरातच राहिला. तो म्हणाला, हो ना. त्या 'हो ना'नं तिचा आणखीच जळफळाट झाला.

गाऊनचा साचा धाकटीनं स्वतः काढला. टेबलावर पसरताच कात्रीबाईच्या लक्षात आलं, शिलाईसाठी सोडायचं दोन बोटं कापड बाईसाहेब विसरल्या होत्या. सांगायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. पडू दे एकदा तोंडघशी, असं म्हणून कात्री चालवली. थरावर थर, चाळीस गाऊन कापून झाले.

पहिला शिवला तो सगळ्यांत सडपातळ बाईच्याही अंगात जाईना. धाकटी पांढरीफटक पडली. पाळकांना बोलावून तिनं सरळ सांगितलं, चूक माझी. हॉस्पिटलनं पाठ फिरवली तर पुढं काय, या विचारानं सगळ्याजणी हातातलं काम ठेवून बसून राहिल्या. कात्रीबाईला वाटलं होतं, काळजाला गारवा मिळेल. उलट रात्रभर ती त्या चाळीस गाऊनचाच हिशेब मांडत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनंच तोड काढली: दोन्ही कुशींना पट्ट्या जोडायच्या. गाऊन सैल झाले, हॉस्पिटलनं ते चालवून घेतले. पाळकांनी तिचं तोंडभर कौतुक केलं. ते गेल्यावर धाकटी टेबलाशी आली.

"जाऊबाई, तुम्हाला कापतानाच दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं."

"वाटलंच मला. मी कुणाला बोलले नाही."

हा मोठेपणाही तिच्याच पदरात पडावा, हे काही कात्रीबाईला सोसवेना. तशीच उठून ती पाळकांकडे गेली आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं. पाळकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "महिनाभर कात्रीला हात लावू नका. चादरींचे काठ मुडपा."

ती महिनाभर दाराजवळच्या मशीनवर काठ मुडपत बसली. मग टेबल परत मिळालं. आता धाकटी साचा काढते, ही तो दोनदा मोजते, आणि चूक सापडली की तिथल्या तिथं सांगते. सांगताना मनातल्या मनात गोड वाटतं. एवढं मात्र तिनं पाळकांनाही सांगितलेलं नाही.