पडल्या पडल्या टीका

पडल्या पडल्या माणसाला किती विरोध करता येतो, याचा जागतिक उच्चांक आमच्या संपादकांच्या नावावर आहे. तो नोंदवायला उठावं लागलं असतं, एवढ्याच कारणाने तो नोंदवायचा राहिला. साठच्या दशकातली दुबई. खाडीच्या अलीकडे, बर दुबईत, आम्हा मराठी मंडळींच्या खोल्या होत्या. तिथे आमचं एक मंडळ होतं आणि मंडळाचं एक साप्ताहिक होतं. शिपिंग एजंटाच्या ऑफिसातल्या सायक्लोस्टाइल मशीनवर छापलेलं हे साप्ताहिक संपादक कूस बदलतील तेव्हा निघायचं. बातमीच्या मागे धावणं त्यांना असभ्य वाटे. "जिला गरज असेल ती बातमी येईल आपण होऊन," असं म्हणून ते पालथे व्हायचे आणि लिहू लागायचे. गणपतीतल्या नाटकाचं परीक्षण त्यांनी भिंतीपलीकडून ऐकू येणाऱ्या टाळ्यांवरून लिहिलं होतं. नाटक पडलं, असा निष्कर्ष होता. मी म्हटलं, "अहो, टाळ्या तर पडत होत्या!" तर म्हणाले, "डास मारत असतील."

अशा माणसासमोर मंडळाच्या अध्यक्षपदासाठी कासमचाचा उभे राहिले. रत्नागिरीकडचे चाचा खाडीकाठी किराणा दुकान चालवत. कुणाचं पोर आजारी पडलं की डॉक्टरच्या आधी चाचा हजर. अरब, बलुची, आपले, सगळ्यांचे ते हबीबी. आता एवढ्या लाडक्या माणसावर टीका करायची तर थोडी चौकशी करायला हवी, चार ठिकाणी जायला हवं. संपादकांनी जवळचा रस्ता धरला. पहिल्या अंकात लिहिलं : 'उमेदवार सर्वांना आवडतात, ही गोष्ट संशयास्पद आहे.' दुसऱ्या अंकात : 'उमेदवार फार चालतात. अध्यक्षाने बसायचं असतं.' तिसऱ्या अंकाला मजकूर संपला, तेव्हा त्यांनी मला चाचांच्या सभेला पाठवलं. वार्ताहर म्हणून माझी ही पहिलीच कामगिरी, आणि ती मी चोख पार पाडली. मागच्या रांगेत बसलो, वाऱ्याची झुळूक आली, डोळा लागला आणि टाळ्यांनी जाग आली, तेव्हा चाचा म्हणत होते, "मंडळाच्या दारापर्यंत गोडं पाणी आणीन, इन्शाल्ला!"

आता मी पडलो देशावरचा. आमच्याकडे पाणी म्हणजे पाणी. त्याला चव विचारायची पद्धत नाही. समुद्राकाठच्या माणसाला मात्र खारं नाही ते गोडं. अरबसुद्धा तसंच म्हणतात. आमच्या खोल्यांना येणारं पाणी मचूळ होतं, पोरांची पोटं बिघडत, बायका गाढववाल्याच्या पाण्याच्या डब्यांची वाट बघत बसत. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी संपादकांना सांगितलं, "चाचा गोड पाणी देणार म्हणाले."

संपादक उठले नाहीत, पण त्यांचे डोळे उघडले. 'साखरेचं राजकारण' असा जळजळीत अग्रलेख निघाला. मधुमेही मतदारांनी काय करायचं? आंघोळीनंतर मुंग्यांचं काय? आंघोळ आणि सरबत यांत फरक राहणार की नाही?

सगळी बर दुबई हसली. दुकानात चाचांना पोरं विचारू लागली, "चाचा, हाऊ मच शुगर?" दोन दिवसांनी मी चहापत्ती घ्यायला गेलो, तर चाचा म्हणाले, "खलास, भाऊ. मी नाव मागे घेतो. पेपर वाचून लोक ज्याला हसतात तो माणूस अध्यक्ष कसा चालेल? तुम्ही शिकलेली माणसं, नीट बघूनच छापलं असेल ना."

आता उरलेला एकमेव उमेदवार म्हणजे माझ्या ऑफिसातले हेडक्लार्क. त्यांचा कार्यक्रमही एकच : रंगमंचाला मखमली पडदा. माझ्या डोळ्यांसमोर मखमली पडदा आणि त्यापुढे पोटं धरून बसलेली पोरं आली. धावत संपादकांच्या खोलीवर गेलो.

"गोड नाही हो, गोडं! अनुस्वार होता!"

"तू झोपला होतास?"

"थोडासा."

"मग झोपेत ऐकलेलं जाग्या माणसाला सांगू नये," असं म्हणत संपादक चक्क उठले. चपला सापडेनात, म्हणून माझ्या घातल्या. भर दुपारी, तापल्या वाळूतून ते पुढे आणि अनवाणी नाचत मी मागे, अशी आमची मिरवणूक दुकानात पोचली.

"चाचा, नाव मागे घेऊ नका."

"पण तुम्हीच लिहिलंत ना, साहेब?"

"लिहिलं. पण मी लिहिलेलं खरं धरायचं, ही पद्धत तुम्ही कुठून काढलीत? अख्ख्या गावात कुणाला आहे का?"

चाचा गल्ल्यावर हात आपटून हसले. "बसा साहेब, थंड घ्या."

"नको. बसलो तर इथेच मुक्काम होईल."

चाचा निवडून आले. पुढे मंडळाच्या दारात टाकी आली, टाकीत गोडं पाणी आलं, आणि लगेच लोकांना कंठ फुटला. टाकी लहान आहे, झाकण कर्कश वाजतं, आमच्या दारापासून चार पावलं लांब का? कालचे हबीबी म्हणणारे रोज दुकानात भांडायला येत. आमच्या साप्ताहिकात मात्र चाचांविरुद्ध अक्षर नाही. एकदा चाचांनीच विचारलं, "साहेब, आमच्यावर काही नाही यंदा?" संपादक म्हणाले, "लाइन मोठी आहे, चाचा. मला उभं राहवत नाही."

मग चाचा दुपारी दुकान बंद करून संपादकांच्या खोलीवर येऊ लागले. एकदा टाकीवरून मोठी बाचाबाची झाली. ती खमंग बातमी घेऊन मी धापा टाकत दार ढकललं. आत चाचा गाढ झोपले होते आणि संपादक भिंतीला टेकून, कधी नव्हे ते, टक्क जागे होते. मी तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला.

"हळू," ते म्हणाले. "दमलेत ते."

त्या आठवड्यात अंक निघाला नाही.